समाप्तनंतरचा पिक्चर

"शेवट शेवटी येत नसते, गनीभाई! शेवट मधातच येऊन जाते, आन् माणसाले मालूमच पडत नाही का आपलं जगणं आता समाप्तच्या पुढचं चालू हाये!"

एवढं बोलून उकंडराव थांबले. असल्या वाक्यानंतर थांबायचं असतं, हे त्यांना तीस वर्षांच्या सिनेमा पाहण्यातून समजलं होतं. जानेफळात यापेक्षा मोठं वाक्य त्या साली तरी कोणी बोललेलं नव्हतं. रस्त्यानं चाललेली एक शेळीसुद्धा क्षणभर उभी राहिली.

अब्दुल गनी शिंप्यानं तोंडातला दोरा काढला.

"पाय उचला, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं धोतर मशीनच्या पट्ट्यात चाललं. शेवट त्याचा होऊन राह्यला."

उकंडरावांनी धोतर सोडवून घेतलं. काठाला चार बोटं काळं तेल लागलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या बाजूला दुमडलं आणि वाक्याचा उरलेला भाग मनातच ठेवला. हल्ली त्यांच्या बऱ्याच वाक्यांचे उरलेले भाग मनातच राहत.

जानेफळात कापूस घरात आला, की सिनेमाचा तंबू गावात येई आणि होळीपर्यंत बाजाराच्या मैदानात मुक्काम ठोकून राही. दर चार दिवसांनी पिक्चर बदले. पहिल्या खेळाला अर्धा गाव जाई; पण मत असलेली माणसं तीनच. दुसऱ्या दिवशी सकाळी गनीच्या दुकानात बसून ती मत सांगत आणि ते ऐकून उरलेला अर्धा गाव जायचं की नाही ते ठरवी. मडकं घेताना वाजवून घ्यावं, तसा जानेफळात पिक्चर वाजवून घ्यायची रीत होती.

तिघांच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. गनी कपडे पाही. "जमीनदाराचा कोट साजरा हाये, पण बगलेत ओढते," असं तो म्हणाला, की गावातल्या हौशी पोरांना पिक्चरचा दर्जा कळे. तुळशीराम हा दहा एकरांचा शेतकरी जनावरं पाही. "नायक ज्या घोड्यावर बसला ते घोडं सकाळपासून उपाशी होतं," एवढंच तो बोले आणि उठून गोठ्याकडे जाई. आणि उकंडराव अर्थ काढत. बायका कोणाच्या तरी हाती उकंडरावांना निरोप पाठवत, "किती पदराचा हाये?" एका पदराचा म्हणजे थोडं रडू येणारा, दोन पदरांचा म्हणजे घरून टावेल न्यावा लागणारा. उकंडराव दोन बोटं वर करत आणि तंबूतली बायकांची बाजू त्या दिवशी भरून जाई.

पण गेली दोनेक वर्षं उकंडरावांना अर्थ काढायचा शीण येऊ लागला होता. तंबूत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना कळे, की हा नोकर म्हणजे जमीनदाराचा हरवलेला मुलगा. मग नोकराला ते कळायची अडीच तास वाट पाहायची. तीस वर्षांत त्यांनी इतकी हरवलेली पोरं सापडताना पाहिली होती, की गावच्या जत्रेत कोणाचं पोर चुकलं, तर ते आईबापाला धीर देत, "सापडते, घाबरू नका. पण वीस वर्षं लागतीन."

अशा थकलेल्या दिवसांत आंधळ्या मायचा पिक्चर आला.

पिक्चरचं खरं नाव गावात कोणी लक्षात ठेवलं नाही. त्यात एक गरीब विधवा होती. तिचा मुलगा शहरात जाऊन डॉक्टर झाला. मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर पडद्यावर एकदम दवाखाना आला. मुलाच्या कपाळाला पट्टी होती, मायच्या डोळ्यांवर पट्टी होती. मुलानं मायची पट्टी सोडली, मायला दिसू लागलं, दोघं गळ्यात पडले, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: समाप्त.

लोक उठले. धोतरं झटकली, पायताणं शोधली. आणि तेवढ्यात पिक्चर पुन्हा सुरू झाला.

आता जमीनदाराची माणसं आली आणि त्यांनी मुलाचं कपाळ फोडलं. मग मायच्या झोपडीला आग लागली. मग माय आंधळी झाली आणि काठी टेकत, गाणं म्हणत, माळावरून चालत गेली. चालता चालता दिवे लागले. तंबूवाला एक शब्दही बोलला नाही. जास्तीचं मिळालं म्हणून लोक खूश होऊन घरी गेले.

उकंडराव मात्र जागचे हलले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पुढचं काही ओळखता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गनीच्या दुकानात त्यांनी अर्थ सांगितला. असा अर्थ त्यांनी आयुष्यात सांगितला नव्हता. मायला आधी नजर मिळते. त्या नजरेनं ती जग पाहते. जग पाहून झाल्यावर ती नजर परत करून टाकते. काय करायचं असलं जग पाहून! सुख संपलं तिथं दिग्दर्शकानं सरळ समाप्तची पाटी लावली, पुढचं आयुष्य निव्वळ चालायचं म्हणून चाललं. "आन् ते पट्टी पाह्यली? मार मंग बसते, पट्टी आधीच बांधेल हाये. तुमचं-माहं दुःख असंच कपाळावर आधी बांधून येते, गनीभाई. मार फक्त पावती द्याले येते."

गनीच्या मशीनचं चाक त्या दिवशी पूर्ण एक मिनिट थांबलं होतं.

तेव्हापासून पंधरा दिवस हाच अर्थ चालू होता. जानेफळातून तो मेहकरला गेला. तिथल्या एका वकिलानं म्हणे तो ऐकून मान हलवली. उकंडरावांची पाठ जरा सरळ झाली. एरवी जेवताना पिक्चरचं नाव काढलं, की सत्यभामाबाई ताटात जास्तीची भाकर टाकून त्यांचं तोंड बंद करत. त्यासुद्धा आता ऐकून घेत. रात्री आडवं झाल्यावर उकंडराव विचार करत, की आपलं समाप्त नेमकं केव्हा येऊन गेलं. आठवत नव्हतं. बहुतेक त्या वेळी ते बैल धूत असावेत.

"ते जाऊ द्या," दुकानात शेजारी बसलेला तुळशीराम तेलकट धोतराकडे पाहत म्हणाला. "उद्या पाहुणे येऊन राह्यले ना, मोताळ्याचे?"

"येऊन राह्यले," उकंडराव म्हणाले आणि त्यांची पाठ पुन्हा वाकली.

कोकिळा त्यांची एकुलती मुलगी. एकोणीस वर्षांची, सातवी पास. पाहून गेलेल्या पहिल्या पाहुण्यांना ती सावळी वाटली, दुसऱ्यांना ठेंगणी वाटली, तिसऱ्यांना काय वाटलं ते त्यांनी अजून कळवलं नव्हतं आणि त्यालाही आठ महिने झाले होते. प्रत्येक वेळी तेच पोहे, तोच चहा, तेच "काय नाव, बाई?" उकंडरावांना वाटे, हाही एक तंबूच. खेळ तोच, फक्त पुढं बसणारे बदलतात. हे चौथं स्थळ हातचं गेलं, तर लग्नसराई निघून जाणार होती आणि पुढच्या वर्षी पोरगी वीस वर्षांची होणार होती. मग लोक तिला न पाहताच नाही म्हणणार होते.

स्थळ आणलं होतं दयारामनं, म्हणजे सत्यभामाबाईंच्या भावानं. मुलगा मोताळ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. बाप भगवानराव, वीस एकर ओलीत-कोरडवाहू, माणूस सरळ.

"आन् दाजी, एक गोष्ट तुमच्या कामाची," दयाराम आदल्या आठवड्यात सांगून गेला होता. "पाहुण्याले सिनेमाचा मोठा शौक हाये. तुमचं दोघाचं असं जमन का पोरगी पाहाची राहूनच जाईन."

पाहुणे दुपारच्या गाडीनं आले. भगवानराव पन्नाशीचे, भरघोस मिशांचे, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवणारे. मास्तर बारीक, चष्म्याचा, बापाच्या मागं दोन पावलं. हातपाय धुऊन झाले, पोहे आले. कोकिळा आली, बसली, नाव सांगितलं, "देशाची राजधानी कोणती" याचं उत्तर दिलं, गेली. सगळं शांतपणे पार पडलं. भगवानरावांनी दयारामकडे पाहून किंचित मान डोलावली. ती मान उकंडरावांनी पाहिली. तीन स्थळांत ती कोणी डोलावली नव्हती.

आता फक्त चहा व्हायचा होता. आणि चहा होईपर्यंत दयारामला गप्प बसवेना.

"दाजी, पाहुण्याईनं मलकापूरले जाऊन सगळे पिक्चर पाह्यले बरं का."

"असं?" उकंडराव सरसावले.

"पक्क्या टाकीत, थेटरात," भगवानराव म्हणाले. "खुर्चीवर बसून. तंबूत मले मजा येत नाही. खाली बसलं का पाय झोपते, आन् पाय झोपला का पिक्चर अर्धाच दिसते."

"दिसणाऱ्याले कुठूनही दिसते," उकंडराव हसून म्हणाले.

भगवानरावही हसले. मग पाऊण तास अशा गप्पा रंगल्या, की सत्यभामाबाई आतून दोनदा डोकावून गेल्या. नाचाचे पिक्चर दोघांनाही आवडत नव्हते. गाणी बरी, पण झाडाभोवती फिरून फिरून झाडाची साल काढतात यावर एकमत झालं. अलीकडच्या नायकांना रडता येत नाही, नुसतं नाक ओढतात, हेही ठरलं. भगवानरावांचा हात उकंडरावांच्या गुडघ्यावर मुक्कामालाच आला.

"आंधळ्या मायचा पाह्यला का?" भगवानरावांनी विचारलं.

"पाह्यला? पंधरा दिस झाले, डोक्यातून जात नाही."

"काय तो शेवट!"

"काय तो शेवट!"

दोघांनी एकदम सुस्कारा सोडला.

"मायले दिसाले लागते," भगवानराव गहिवरून म्हणाले.

"माय आंधळी होते," उकंडराव गहिवरून म्हणाले.

गुडघ्यावरचा हात जरा हलका झाला.

"आंधळी तं ते आधी होते," भगवानराव म्हणाले.

"आधी ते डोळस होते. मंग जग पाहून नजर परत करते न् आंधळी होते. त्याच्यातच तं सगळा अर्थ हाये!"

"अहो पाहुणे, पोरगा ऑपरेशन करते, पट्टी सोडते, माय म्हणते दिसलं बाबा दिसलं, आन् समाप्त. माहे हे दोन डोळे फुटले का काय?"

"समाप्त आलं ना? हाव, आलं. पण मंग पुढचा?"

"समाप्तच्या पुढचा?"

"खरा पिक्चर तं त्याच्या पुढंच हाये. लोक उठले होते. मीच चार जणाईले हात धरून खाली बसवलं."

भगवानरावांनी हात काढून घेतला आणि दयारामकडे पाहिलं. बाजारात बैल पसंत करून, दोरी हातात घेऊन चार पावलं चालवल्यावर तो लंगडतो असं दिसावं, तसं पाहिलं.

"तुम्ही झोपले असान," ते शक्य तितक्या सभ्यपणानं म्हणाले.

हे वाक्य उकंडरावांना तीस वर्षांत कोणी ऐकवलं नव्हतं.

"मी? मी झोपीन? तुम्ही त्या खुर्च्याईत बसता, तुमचाच डोळा लागला असन! पक्की टाकीवाले शेवट झाला का अर्धा पिक्चर कापून घरी जात असतीन, गाडी गाठाले!"

"दाजी," दयाराम म्हणाला.

"थांब बे. पट्टीचं सांगा, पाहुणे. पट्टी आधी बांधेल व्हती का नाही?"

"मार बसला म्हणून पट्टी बांधली. जगात असंच होते."

"तेच तं! जगात तसं होते, पिक्चरमधे तसं नाही झालं!"

भगवानराव शांत झाले. सरळ माणूस शांत झाला, की फार जड होतो. त्यांनी टोपी नीट केली.

"दयाराम," ते म्हणाले, "मले पिक्चरचं काही नाही. पण जो माणूस आपल्या डोळ्यानं पाह्यलेला पिक्चर उलटा सांगते, तो बाकीचं सरळ सांगते हे मी कशावरून धरू? पोरगी एकोणीसची सांगतली. इकडून मोजली का तिकडून? सातवी पास सांगतली. पास आधी का शाळा आधी?" आणि मग मास्तरला, "चाल रे. चारची गाडी हाये ना?"

मास्तर उठून पायताण शोधू लागला. आतून कपबशीचा आवाज आला आणि मधेच थांबला. उकंडरावांच्या लक्षात आलं, की चौथं स्थळ उठून उभं राहिलेलं आहे. पण त्याच वेळी त्यांच्या असंही लक्षात आलं, की आपण खरं बोलतो आहोत आणि आपल्याकडे साक्षीदार आहेत. माणसानं अशा वेळी पहिली गोष्ट धरावी की दुसरी? त्यांनी दुसरी धरली.

"पाच मिनटं थांबा," ते म्हणाले. "दयाराम, जा, गनीभाईले आन् तुळशीरामले घेऊन ये. जानेफळात कोणाले विचारा, हे दोघं खोटं बोलत नाहीत."

गनी गळ्यात टेप अडकवून तसाच आला. तुळशीरामच्या हाताला कडबा लागला होता. भगवानराव ओसरीच्या पायरीवर उभेच होते.

"गनीभाई, आंधळ्या मायचा पिक्चर. माय आधी डोळस का आंधळी?"

गनीनं उकंडरावांकडे पाहिलं, मग भगवानरावांच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग टेपकडे. बावीस वर्षांची दोस्ती त्या टेपवर इंचाइंचानं दिसत होती.

"भाऊ, म्या शिंपी माणूस," तो म्हणाला. "म्या शर्ट पाहतो."

"तं शर्टाचं सांगा," भगवानराव म्हणाले.

"शर्ट... शर्ट आधी खांद्यात फाटेल व्हता. मंग मार बसला. मारामारी सुरू झाली तेव्हा शर्ट साबूत."

"म्हणजे?"

"म्हणजे शर्ट साजरा व्हता," गनी म्हणाला आणि टेप गुंडाळू लागला. "रफूचं काम इतकं साफ म्या कुठं पाह्यलं नाही. खुदा जाणे कोणाचा हात व्हता."

उकंडरावांनी गनीचा नाद सोडला. त्यांनी तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम खोटं बोलत नसे; त्याला ते सुचतच नसे.

"मायची गाय," तुळशीराम म्हणाला, "आधी व्याली. आन् मंग गाभण राह्यली."

भगवानरावांनी त्याच्याकडे मान वळवली.

"वासरू दवाखान्याच्या अंगणात बांधेल होतं. आगीच्या सीनमधे ते गाईच्या पोटात. मले वाटलं, सिनेमात तसंच असन. मी दुसऱ्या दिशी भाऊले विचारलं बी. भाऊ म्हणे ते प्रतीक हाये."

"म्हटलं होतं," उकंडराव हळूच म्हणाले.

मास्तरनं चष्मा काढून पुसायला घेतला. तो हसत होता की काय, ते पुसणाऱ्या हातामुळे दिसलं नाही.

"मी पाणी घेऊन येतो," असं म्हणून उकंडराव आत गेले. पाणी ओसरीवरच होतं.

आत चुलीपाशी सत्यभामाबाई चहाचं भांडं धरून उभ्या होत्या. चहा उकळून उकळून काळा झाला होता. कोकिळा भिंतीला टेकून बसली होती. पाहुण्यांसाठी नेसवलेलं हिरवं लुगडं तिनं अजून बदललं नव्हतं.

"रिळं उलटी लागली होती, बाबा," ती म्हणाली.

उकंडराव खाली बसले.

"तुले कधी कळलं?"

"तवाच. आमच्या बाजूच्या सगळ्या बायाईले कळलं. अख्तरी चाची म्हणे, मध्यंतरानंतर त्यानं चुकीचा डबा आधी उघडला. आम्ही मनातल्या मनात नीट लावून घेतला न् घरी आलो. बायाईले सवय असते."

अख्तरी म्हणजे गनीची बायको. म्हणजे गनीलाही माहीत होतं. आणि तरी पंधरा दिवस त्यानं तो अर्थ ऐकून घेतला होता.

"आन् मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

कोकिळानं आईकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी भांडं खाली ठेवलं.

"सांगणार होतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी सकाळीच सांगणार होतो. पण तुम्ही दुकानातून घरी आले ते चांगली दीड भाकर जेवले. किती दिसानं जेवले. मंग म्हटलं, राहू द्या. आंधळी झाली तं झाली ते माय. तिचं काय जाते?"

उकंडरावांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बोलण्यासारखं एक मोठं वाक्य सुचत होतं, पण त्याला शेवट नव्हता.

"पोरीच्या मनात भरलं हाये हे ठिकाण," सत्यभामाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "म्हणते, पोह्यात खडा निघाला मास्तरच्या. दाताखाली आला, मी बी आवाज ऐकला. तोंड वाकडं केलं नाही, कोणाले दाखवला नाही. गुपचूप काढला न् खिशात टाकला."

कोकिळा खाली पाहून लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होती. ती थकलेली दिसत होती. चार वेळा देशाची राजधानी सांगितली, की माणूस थकतो.

उकंडरावांनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठले.

ओसरीवर सगळे जिथल्या तिथं होते. भगवानराव पायरीवर, गनी आणि तुळशीराम खांबाशी, दयाराम कोणाकडेच पाहत नव्हता. चारच्या गाडीला अर्धा तास उरला होता.

"भगवानराव," उकंडराव म्हणाले, "पिक्चर तुमचाच खरा. आमच्या इकडं रिळं खालीवर झाली. चूक तंबूवाल्याची. पण त्या चुकीतून पंधरा दिस अर्थ काढला तो म्या. मेहकरच्या वकिलापर्यंतही तोच गेला. माय आधी आंधळी होते, मंग तिले दिसाले लागते. तुम्ही सांगतलं तसंच."

हे बोलताना आवाज कापेल असं त्यांना वाटलं होतं. कापला नाही. नुसता खाली बसला, दिवसभराचं गाडं ओढून आलेल्या बैलासारखा.

"उलटा पिक्चर म्या सांगतला, पण झोपलो नव्हतो. आन् पोरगी एकोणीसचीच हाये. दोन्ही बाजूनं मोजा."

भगवानराव बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"ते परत केलेल्या नजरेचं," शेवटी ते म्हणाले, "ते तुम्हीच काढलं? आपल्या मनानं?"

"हाव."

"पिक्चरात नसताना?"

"नसताना."

भगवानराव "हं" म्हणाले. त्या हंमध्ये कौतुक होतं की काळजी, ते उकंडरावांना ओळखता आलं नाही. त्यांना एवढंच वाटलं, की आपली पिक्चरातली माय आता काठी टेकत माळावरून जाणार नाही. तिला दिसेल, ती मुलाच्या गळ्यात पडेल, पुढच्या वर्षी तिला सून येईल. तीस वर्षं जे होत आलं तेच होईल. उद्या सकाळी गनीच्या दुकानात जायचं, आणि तिथं सांगायला काहीच नसणार.

तेवढ्यात मास्तर पहिल्यांदाच बोलला.

"बाबा," तो म्हणाला, "आपण बी तं सोयीनंच पाहतो. त्या दिशी मध्यंतरानंतर तुम्ही घोरत होते. शेवट मी सांगतला तुम्हाले, गाडीत."

दयारामनं डोळे मिटले. गनीनं टेप सोडून पुन्हा गुंडाळायला घेतला. भगवानरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू नेहमीसारखा झाला.

"तू मास्तर हाये म्हणून काय कुठंही शिकवशीन का रे?" ते म्हणाले. पण टोपी काढून त्यांनी खुंटीला लावली आणि बाजेवर बसले. गाडीचं नाव कोणी काढलं नाही. काळा झालेला चहा आला आणि तो सगळ्यांनी मुकाट्यानं घेतला.

चहा संपला. भगवानराव उठले, उकंडरावांचा दंड धरला आणि त्यांना अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीपलीकडे घेऊन गेले. ओसरीवरची माणसं दुसरीकडे पाहू लागली. असं कोपऱ्यात कशासाठी नेतात ते सगळ्यांना माहीत होतं. दाराआडून सत्यभामाबाईंचं अर्धं लुगडं दिसत होतं.

उकंडरावांनी मनात हिशोब मांडला. आता मागणं येणार. सायकल? मास्तरला शाळेत जायला सायकल लागणारच. घड्याळ? मनगटावर नव्हतं, ते त्यांनी आल्याबरोबरच पाहिलं होतं. इतकं सगळं कबूल करून बसलेल्या माणसाला नाही म्हणायला तोंड राहत नाही, हे भगवानरावांना कळलं असणार. ते काहीही मागतील आणि आपण हो म्हणू. उकंडरावांनी दात दाबले आणि सायकल मनातल्या मनात देऊन टाकली.

"इवाई," भगवानराव म्हणाले.

इवाई! व्याही म्हणाले, म्हणजे ठरलं. उकंडरावांच्या डोळ्यात पाणी आलं.

"पोरगी आमची झाली. त्याच्यात आता खालीवर नाही. पण माहं एक मागणं हाये." त्यांनी मागं वळून पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "दोन गाड्या बदलून आलो, सकाळपासून जमलं नाही, आन् मंग हे पिक्चरचं निघालं. नाही म्हणू नका."

"सांगा," उकंडराव म्हणाले. "जे असन ते सांगा."

"एक टमरेल द्या पाण्याचं. आन् तुमच्या गावात कोण्या बाजूनं जा लागते ते दाखवा."